'द पेल हॉर्स' : करणी, केस आणि आमच्या गल्लीतली आजी (रहस्य फोडलेलं आहे)

खानदेशकन्या (धुळे)
शनिवार, रात्री ११.४०

अगाथा ख्रिस्तीचं 'द पेल हॉर्स' (१९६१) परवा दुसऱ्यांदा वाचलं. कॉलेजात असताना वाचलं तेव्हा खुनी कोण, एवढंच शोधत पानं उलटली होती. या वेळी निम्म्यात पुस्तक मिटून ओट्यावर येऊन बसले. आमच्या गावातली १९८६ सालची एक गोष्ट आठवली आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून हा धागा. खाली सगळं रहस्य उघड केलंय. ज्यांना वाचायचं आहे त्यांनी कृपया इथूनच परत फिरा.

आधी पुस्तक. लंडनमध्ये एक बाई मरायला टेकलेली, ती फादर गॉर्मन या पाद्र्याला शेवटचं काही सांगते आणि काही नावं देते. धुक्याच्या रात्री घरी परतताना पाद्र्याला कोणीतरी डोक्यात घालून मारतं. झग्याचा खिसा फाटका, म्हणून त्यानं नावांची चिठ्ठी बुटात ठेवलेली असते. ती पोलिसांना सापडते. चौकशी केली तर त्यातली बरीच माणसं मेलेली, आणि सगळी आपल्या मरणानं! कोणाला न्यूमोनिया, कोणाला मेंदूचा आजार. कुठं संशयाला जागा नाही.

दुसरीकडे मच डीपिंग नावाच्या खेड्यात 'पेल हॉर्स' नावाची जुनी खाणावळ आहे. आता तिथं तीन बायका राहतात : थर्झा, सिबिल आणि स्वयंपाकीण बेला. लोक म्हणतात, या बायका घरबसल्या, हात न लावता माणूस मारतात. बर्मिंगहॅममधला ब्रॅडली नावाचा सनद गेलेला वकील त्यासाठी पैज लावतो. 'तुमची मावशी नाताळपर्यंत जगते, असं तुम्ही म्हणा. मी म्हणतो, नाही जगत.' मावशी मेली की तुम्ही पैज हरलात, पैसे भरा. कायद्याच्या भाषेत खून कुठेच नाही. मग त्या माणसाची वापरातली एखादी वस्तू घेऊन 'पेल हॉर्स'मध्ये जायचं. अंधार, मंत्र, एक यंत्राची पेटी, आणि बेला पांढरा कोंबडा कापते.

पांढरा कोंबडा वाचला आणि मी थांबले. इंग्लंडमधल्या बाईनं हे १९६१ साली लिहिलं. आमच्याकडे लिंबू, काळी बाहुली आणि काळा कोंबडा. बाकी सगळं तेच.

आता आमची गोष्ट. तेव्हा मी ११ वर्षांची. पोळा होऊन चार-पाच दिवस झाले होते. मोठे काका कपाशीवर फवारणी करून दुपारी घरी आले ते दारातच बसले. तोंडातून लाळ गळत होती, घाम असा की शर्ट पिळून काढावा. मग उलट्या. दंडाचे स्नायू कातडीखाली अळ्या चालाव्यात तसे हलत होते. ते मी जवळून पाहिलंय, अजून विसरले नाही. गल्ली जमली. कोणीतरी म्हणालं, 'हाई मूठ शे.' म्हणजे ही कोणीतरी केलेली करणी आहे. बस, तेवढ्या एका वाक्यावर सगळं फिरलं. दवाखान्याची बैलगाडी जुंपायची राहिली आणि भगत, म्हणजे गावठी मांत्रिक, आला. त्यानं आमच्या उकिरड्यातून कुंकू लावलेलं लिंबू काढून दाखवलं आणि शेजारच्या घराकडे तोंड केलं.

शेजारी एक विधवा आजी एकटी राहायची. आम्हा पोरांना ती गूळ-शेंगदाणे द्यायची. त्या दिवशी तिला ओढून आमच्या ओट्यावर आणलं आणि काकांच्या अंगावरून पाणी उतरवून प्यायला लावलं. 'काढून घे,' म्हणत होते सगळे. तिनं ते पाणी पिलं. तिचे हात थरथरत होते आणि वाटीतलं पाणी लुगड्यावर सांडत होतं.

काका वाचले, कारण त्या दिवशी लसीकरणाला आलेली नर्सबाई गर्दी पाहून आत आली. तिनं काकांच्या पापण्या उघडल्या. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. तिनं शर्टाचा वास घेतला आणि ओरडली, 'शर्ट काढा आधी! साबणानं अंग धुवा!' ट्रॅक्टरवर घालून तालुक्याला नेलं, तिथं इंजेक्शनावर इंजेक्शन दिली आणि चौथ्या दिवशी काका घरी आले.

श्रेय मात्र भगताला मिळालं. आजीनं करणी मागे घेतली म्हणून काका वाचले, असं गावानं ठरवलं. त्यानंतर तिच्या घरचं पाणी कोणी पिलं नाही. आम्हाला तिच्या ओट्यावर जायची बंदी झाली. दोन वर्षांनी ती गाव सोडून गेली.

पुस्तकातला खुनी कोण, तर ऑस्बॉर्न नावाचा औषधविक्या. मंत्र, कोंबडा, पेटी हा सगळा देखावा. माणसं मरत होती थॅलियम या विषानं. या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींत अडकून बसल्यात. तुम्ही कोणी हे पुस्तक असं वाचलंय का?

---

दवाईवाला (चोपडा)
रविवार, सकाळी ७.१५

ताई, मी २२ वर्षं औषधांचं दुकान चालवतो. तुमच्या काकांना जे झालं ते पुस्तकातल्या एखाद्या चित्रासारखं स्पष्ट आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचं कीटकनाशक, बहुधा मोनोक्रोटोफॉस किंवा त्याच्या भावकीतलं. ते कातडीतून आत जातं. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी-जुलाब, स्नायू फडफडणं आणि बारीक झालेली बाहुली. इंजेक्शन दिलं ते अॅट्रोपिन असणार. नर्सबाईंनी शर्ट काढायला लावला, त्यातच निम्मे प्राण वाचले. भिजलेला शर्ट अंगावर असेपर्यंत विष आत जातच राहतं.

याच्या बरोबर उलट धोतरा. बाहुली मोठी, तोंड कोरडं ठाक, अंग तापलेलं आणि माणूस बडबडतो, नसलेल्या गोष्टी हवेत पकडतो. आपल्याकडे याला 'बाहेरचं झालं' म्हणतात. म्हणजे बाहुली बारीक झाली तरी करणी, मोठी झाली तरी करणी. डोळ्यांत बॅटरी मारून बघायचं कोणाच्या मनातच येत नाही.

आता थॅलियम. १८६१ साली विल्यम क्रूक्स यांना वर्णपटात एक ठळक हिरवी रेघ दिसली आणि हा धातू सापडला. कोवळ्या अंकुराला ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्यावरून नाव ठेवलं. कादंबरी बरोबर १०० वर्षांनी आली. त्याच्या क्षारांना रंग नाही, चव नाही, पाण्यात विरघळतात. शरीराला ते पोटॅशियमसारखे वाटतात, म्हणून पेशी त्यांना दार उघडून देतात. आधी पोट बिघडतं, मग तळपाय इतके जळतात की पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी केस पुंजक्यानं हातात येतात. एकेकाळी मुलांच्या डोक्याला नायटा झाला की केस गळावेत म्हणून डॉक्टरच थॅलियम द्यायचे! उंदरांसाठी तर सर्रास वापरायचे. उतारा म्हणजे प्रुशियन ब्लू, चित्रकार वापरतात तो निळा रंग. तो आतड्यात थॅलियमला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर काढतो.

ख्रिस्तीबाईंचं मला कौतुक यासाठी वाटतं की त्यांनी हे ऐकीव लिहिलं नाही. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात त्या औषधं बनवायच्या, १९१७ साली त्याची परीक्षा पास झाल्या. त्याच काळात टॉर्कीत त्यांना एक औषधविक्या भेटला होता, जो खिशात क्युरारे हे विष घेऊन फिरायचा, कारण त्यामुळे त्याला आपण ताकदवान आहोत असं वाटायचं. तो माणूस जवळपास ५० वर्षं त्यांच्या मनात राहिला आणि त्यातून ऑस्बॉर्न आला. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचताना अंगावर काटा येतो. काउंटरच्या अलीकडे उभा असलेला माणूस समोरच्याचा किती विश्वास हातात घेऊन उभा असतो, हे मला रोज कळतं.

---

केळीबाग (रावेर)
रविवार, सकाळी ८.०२

भलतं भारी लिखं ताई. एक सांगतो. आपल्याकडे फवारणीच्या विषालाही 'औषध' म्हणतात आणि तापाच्या गोळीलाही 'औषध'. 'त्यानं औषध घेतलं' म्हटलं की आवाजावरून ओळखावं लागतं, बरा व्हायला घेतलं की मरायला. २०१७ साली यवतमाळकडे फवारणी करताना वीसाहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून आमच्या बागेवर हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातल्याशिवाय मी कोणाला पंप उचलू देत नाही. उन्हात गडी कुरकुर करतात, करू देत.

---

निवृत्त हेडसर (अमळनेर)
रविवार, दुपारी १.३०

पुस्तक मला आवडतं, पण एक तक्रार आहे. कथेचा नायक मार्क ईस्टरब्रुक जिथं जातो तिथं नेमका धागा त्याच्या हाताला लागतो. चेल्सीच्या कॉफीच्या दुकानात दोन मुली भांडतात, तिथं हा हजर. खेड्यात जत्रेला जातो, तर तिथंच 'पेल हॉर्स'. इतके योगायोग मला पचत नाहीत.

तरीही ते भांडण म्हणजे रहस्यकथेतल्या प्रामाणिकपणाचा नमुना आहे. एक मुलगी दुसरीचे केस मुठीनं उपटते आणि जिचे उपटले ती म्हणते, दुखलं नाही. पहिल्याच प्रकरणात लेखिकेनं किल्ली आपल्या हातात ठेवली आणि आपण ती भांडणाची मजा म्हणून बाजूला टाकली. काही दिवसांनी त्या मुलीच्या मृत्यूची बातमी येते, तरी आपल्याला केस आठवत नाहीत. मुलांना मी वर्गात हेच सांगायचो : डोळ्यांना दिसलं म्हणजे बघितलं असं होत नाही.

ताई, तुमच्या नर्सबाईंनी बघितलं.

---

सातपुडा_सिस्टर (नंदुरबार)
रविवार, रात्री ९.५०

दिवसभर ड्युटी होती, आत्ता वाचलं. आमच्या पेशातल्या सगळ्यांना माहीत असावी अशी एक खरी हकीकत सांगते.

१९७७ साली कतारहून १९ महिन्यांची एक मुलगी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आणली होती. शुद्ध हरपत चाललेली, आणि मोठमोठ्या डॉक्टरांना निदान होईना. तिच्याजवळ ड्युटीला असलेली मेटलंड नावाची परिचारिका त्या दिवसांत 'द पेल हॉर्स' वाचत होती. मुलीचे केस गळायला लागलेले पाहून तिनं डॉक्टरांना सांगितलं, थॅलियम तपासा. तपासलं, तर तेच निघालं! घरात झुरळं-उंदरांसाठी ठेवलेलं विष पोटात गेलं होतं. मुलगी वाचली. त्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात ही केस लिहिली, तेव्हा अगाथा ख्रिस्तींचे आभार मानले. बाई १९७६ च्या जानेवारीत गेल्या होत्या, त्यांना हे कळायचं राहून गेलं.

आणि ग्रॅहम यंग. बोव्हिंग्डन गावच्या एका कारखान्यात तो सहकाऱ्यांना चहातून थॅलियम द्यायचा. माणसं आजारी पडत होती आणि सगळे म्हणत होते, गावात कसलासा रोग आलाय. त्या रोगाला त्यांनी गावाचं नावसुद्धा देऊन टाकलं होतं. दोघं गेले. एकाचं दहन झालं होतं, तर त्याची राख तपासली आणि राखेत थॅलियम सापडलं. १९७२ साली त्याला जन्मठेप झाली. तिथं कोणी करणी म्हटलं नाही, पण 'आलाय कसलासा रोग' म्हणून गप्प बसणं यापेक्षा किती वेगळं?

आता माझं दुःख. धडगाव-अक्कलकुव्याकडे मी बरीच वर्षं काढलीत. तिकडे बाईला 'डाकीण' ठरवतात. पोर तापानं फणफणलं, जनावर दगावलं, कोणाचं पोट फुगलं की गाव एका बाईकडे बघायला लागतं. मारहाण झालेल्या बायका मी ड्रेसिंगला घेतल्यात. एकीच्या पाठीवरच्या वळांवर औषध लावत होते, तर ती मलाच विचारते, 'सिस्टर, मी खरंच डाकीण असेन का?' तिला रोज तेच ऐकवलं गेलं होतं. म्हणून मला पुस्तकातल्या त्या तिघी खटकतात. तिथं जादूटोणा करणाऱ्या बायका खरोखर कटात आहेत. आमच्याकडच्या बायकांनी काहीच केलेलं नसतं.

---

निवृत्त हेडसर (अमळनेर)
रविवार, रात्री १०.२०

सिस्टर, तुमचं दुखणं समजतं, पण पुस्तकावर थोडा अन्याय होतोय. बेला आणि सिबिल यांना आपल्या अंगात शक्ती आहे असं मनापासून वाटतं. त्यांना कोणीतरी वापरून घेतलंय.

---

सातपुडा_सिस्टर (नंदुरबार)
रविवार, रात्री १०.३१

सर, थर्झाचं काय? तिला पैसा मिळतो, ती माणसं तोलून-मापून बोलते. आणि वाचकाच्या मनात शेवटी चित्र राहतं ते कोंबडा कापणाऱ्या बाईचंच. ऑस्बॉर्नचा चेहरा किती जणांना आठवतो? मी एवढंच म्हणतेय.

---

जुना जमादार (शहादा)
सोमवार, सकाळी ६.४०

मी पोलीस खात्यात ३४ वर्षं काढली. ही कादंबरी माझ्या सुनेनं वाचून दाखवली, कारण माझे डोळे आता साथ देत नाहीत. आमच्या कामाच्या दृष्टीनं मला त्यात एकच गोष्ट मोठी वाटली.

ऑस्बॉर्न स्वतःहून पोलिसांकडे येतो. म्हणतो, पाद्र्याच्या मागं जाणारा माणूस मी पाहिला, नाक असं, गळा असा. पुढे व्हेनेबल्स नावाच्या श्रीमंत माणसाकडे बोट दाखवतो. तो तर पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत. तरी हा हटत नाही, म्हणतो, पांगळेपणाचं सोंग असेल. शेवटी त्याच्या बागेतल्या खोपट्यात थॅलियमची पुडी नेऊन ठेवतो. इन्स्पेक्टर लेज्यूनला संशय येतो तो या उत्साहामुळेच. धुक्यात इतकं बारीक दिसतंच कसं?

आमच्याकडे साक्षीदार हाकलून आणावे लागतात. जो न बोलावता येतो आणि नेमकं बोट दाखवतो, त्याच्याकडे आधी बघायचं, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं.

खानदेशकन्या बेटा, म्हणून विचारतो. उकिरड्यात लिंबू ठेवलं कोणी, हे आता कळणार नाही. पण 'हाई मूठ शे' असं पहिल्यांदा कोण म्हणालं? आणि भगताला कोणी बोलावलं? आई हयात असतील तर विचार.

---

खानदेशकन्या (धुळे)
सोमवार, दुपारी ३.१०

जमादार काका, तुमचा प्रश्न वाचून हात थांबले. इतक्या वर्षांत हे मी कोणालाच विचारलं नाही. भगत आला, एवढंच आठवतं. तो स्वतः येत नाही, त्याला आणावं लागतं, हे मनातही आलं नाही.

आईला आत्ता फोन केला. ती आधी म्हणाली, 'जाऊ दे ना, कशाला उकरतेस.' मग बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, आपण बोलावलं नव्हतं. बाबा तर बैल जुंपायला निघाले होते. भावकीतल्या एका माणसानं बाबांचा हात धरला, 'आधी भगताला दाखवू' म्हणाला, आणि तो स्वतःच सायकल घेऊन पलीकडच्या गावी गेला. पाऊण तासात भगताला घेऊन आला.

मी विचारलं, त्याचं शेत कुठं होतं? आई म्हणाली, 'आजीच्या बांधाला बांध.'

---

जुना जमादार (शहादा)
सोमवार, दुपारी ३.४५

आजीच्या जमिनीचा फेरफार काढ.

---

दवाईवाला (चोपडा)
सोमवार, संध्याकाळी ६.००

ताई, एक गोष्ट जपून. काकांना विषबाधा झाली ती फवारणीची, भिजलेल्या शर्टाची, उन्हाची. ती कोणी केली असं समजू नका. लक्षणं सगळी अपघाताची आहेत.

---

खानदेशकन्या (धुळे)
सोमवार, रात्री ८.२०

हो भाऊ, तेवढं मलाही कळतंय. त्यानं काकांना काही केलं असं मी म्हणत नाही. पुस्तकात खून लपवायला करणी वापरली. आमच्याकडे अपघात झाला आणि कोणीतरी तो करणीसाठी वापरला असेल. असेलच असंही आज म्हणत नाही. कागद बघते. धाकटा भाऊ गावातच आहे, तलाठ्याकडे जायला सांगितलंय.

---

रातराणी (जळगाव)
मंगळवार, सकाळी ११.००

मी फक्त वाचत होते, आता राहवलं नाही. माझी आजी भुसावळकडची. तिच्या धाकट्या बहिणीला असंच ठरवलं होतं. तीही विधवा, तिच्याही नावावर जमीन. आमच्या घरी तिचा फोटोसुद्धा लावलेला नाही. मी आज आत्याकडे फोटो मागितला.

---

जुना जमादार (शहादा)
मंगळवार, दुपारी १२.१५

रातराणी बेटा, चांगलं केलंस.

कायद्याचं थोडं सांगून ठेवतो, कोणाला गरज पडली तर. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्याच आठवड्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. अमकी बाई करणी करते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. आमच्या वेळी हा कायदा नव्हता. मारहाण झाली तर मारहाणीचं कलम लावायचो आणि 'डाकीण' हा शब्द जबाबात लिहूनसुद्धा त्याला वजन नसायचं. मी असे तीन जबाब स्वतःच्या हातानं लिहिलेत. तिन्ही बाया मला आठवतात.

---

खानदेशकन्या (धुळे)
गुरुवार, रात्री ९.३०

भावानं मंगळवारीच फेरफाराची नक्कल आणली. आजीच्या नावची दोन एकर जमीन, विहिरीला लागून असलेली. खरेदी ऑक्टोबर १९८८. घेणारा तोच, बांधाला बांध असलेला. आजी गाव सोडून गेली ती त्याच महिन्यात, हे आईला पक्कं आठवतं, कारण दिवाळी तोंडावर आली होती आणि आजीनं जाताना आमच्या दारात शेंगांची पिशवी ठेवली होती. आईनं ती घाबरून गाईपुढे टाकली. हे सांगताना आई फोनवर रडली.

त्यापलीकडे माझ्याकडे पुरावा नाही. तो माणूस १५ वर्षांपूर्वी गेला, म्हणून त्याचं नाव इथं लिहीत नाही, कृपया कोणी अंदाजही करू नये.

मोठ्या काकांना हे सांगावं की नाही, दोन दिवस ठरवू शकले नाही. ते आता ऐंशी पार आहेत. शेवटी काल संध्याकाळी गावी जाऊन सांगितलं. फेरफार वाचून दाखवला. नर्सबाईंनी शर्ट काढायला लावला त्याचं कारण सांगितलं, बाहुल्यांचं सांगितलं. ते बराच वेळ आपल्या दंडावरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, 'मला शुद्ध होती गं तेव्हा. ती पाणी पीत होती ते मला दिसत होतं. माझ्या तोंडातून शब्द निघत नव्हता.'

आजी कधीच गेल्या असणार. पण त्यांची मुलगी सुरतेला दिली होती, ती आहे. भावानं तिचा नंबर मिळवलाय. उद्या सकाळी फोन करणार आहे. काका म्हणालेत, आधी त्यांना बोलायचंय, मी फक्त नंबर लावून द्यायचा.